खांदा मोकळा करताना हाड मोडले. संमतिपत्रावर सही मात्र मुलाची

प्रश्न : मी वेंगुर्ल्याजवळ राहते, वय 58, मधुमेह आहे. डावा खांदा आखडल्याने अंबाडा घालण्यापुरताही हात वर जात नव्हता. गेल्या वर्षी गणपतीनंतर कोल्हापूरच्या एका खासगी रुग्णालयात भूल देऊन खांदा फिरवला. असह्य वेदना सांगूनही एक्स-रे न काढता दुसऱ्या दिवशी घरी पाठवले. पाच दिवसांनी दुसरीकडे तपासले, तेव्हा दंडाचे हाड मोडलेले निघाले व प्लेट बसवावी लागली. मुलाने सही केली होती, एवढेच रुग्णालय सांगते. पोलिसांत जावे का?

उत्तर : ताई, केवळ हाड मोडले एवढ्यावर तुमची तक्रार टिकणार नाही, हे आधीच सांगणे मला भाग आहे. सांध्याचे आखडलेले आवरण सुटावे म्हणून भुलेखाली हात ताणून फिरवताना दंडाचे हाड मोडणे, कंडरा फाटणे किंवा खांदा निखळणे हे वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेले धोके आहेत आणि पुरेशी काळजी घेऊनही ते ओढवू शकतात, हाच बचाव समोरून येईल.

तुमचे बळ तुम्ही पाठवलेल्या संमतिपत्राच्या प्रतीत आहे. मजकूर इंग्रजीत छापलेला, उपचारापुढे पेनाने फक्त ‘शोल्डर’, धोक्यांची जागा कोरी आणि तळाशी ‘नाते : मुलगा’. तुम्ही सज्ञान, शुद्धीवर होतात आणि तातडीचा प्रसंग नव्हता. समीरा कोहली खटल्यात रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ग्राह्य धरली नाही. उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णाला स्वतःला समजावले पाहिजेत, असे म्हटले. फिजिओथेरपी, सांध्यातले इंजेक्शन किंवा काही काळ वाट पाहणे हे पर्याय तुम्हाला कोणी सांगितले होते का, ते आठवून लिहून ठेवा. अतिशय दुर्मीळ धोके सांगणे बंधनकारक नाही, असेही त्याच निकालात आहे आणि तेव्हा भरपाई 25,000 रुपयेच मिळाली होती. त्यामुळे अपेक्षा बेताची ठेवावी.

त्याहून मला गंभीर वाटते ती नंतरची हयगय. वेदनेची तक्रार असताना एक्स-रे का काढला नाही, याचे उत्तर रुग्णालयाला द्यावे लागेल. म्हणून संपूर्ण केस पेपर, भूलतज्ज्ञाच्या नोंदी आणि नर्सचे तक्ते रजिस्टर पोस्टाने लेखी मागा; 2002 च्या वैद्यकीय आचार नियमावलीनुसार ते 72 तासांत द्यावे लागतात. प्लेट बसवणाऱ्या सर्जनकडून त्यांना काय आढळले याचे लेखी मत घ्या, कारण निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे.

पोलिसांकडे जाण्याचा सल्ला मी देणार नाही. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात ठरवले आहे. तुमची जागा ग्राहक आयोगात आहे आणि 2019 च्या कायद्यामुळे त्यासाठी कोल्हापूरला खेपा घालण्याची गरज नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या ओरोसला, तक्रार दाखल होते. उपचारासाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती सणावरून मोजू नका, अधिक मास आला की गणपती पुढे जातात. डिस्चार्ज कार्डावरची तारीख धरा.

मधल्या काळात रुग्णालयाने तडजोडीचा कागद पुढे केला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय तुम्ही किंवा मुलाने त्यावर सही करू नये.