लाल नाशपाती : रंगावर जाऊ नका

प्रश्न : चोइथराम मंडीतून लालबुंद नाशपाती आणल्या. रंगावरून पिकलेल्या वाटल्या, पण दाबून पाहिल्या तर दगड. आठवडाभर ओट्यावर ठेवून कापल्या, तर गाभ्याभोवती सगळं तपकिरी. रंग चोपडलेला असेल का? आणि हे झाड गच्चीवर लावता येईल का?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : रंग फळाचाच आहे. लाल द्राक्षात असतं तेच अँथोसायनिन हे नैसर्गिक रंगद्रव्य इथे सालीत असतं. शंका असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा, सालीतला रंग फडक्याला लागत नाही.

फसगत होते ती हा रंग पिकण्याची खूण मानल्यामुळे. स्टारक्रिमसन किंवा रेड अंजू या लाल जातींची नाशपाती कच्ची असतानाही लालच असते. रेड अंजूचा रंग तर पिकतानाही फारसा बदलत नाही. रेड बार्टलेट तेवढी थोडी खूण देते : आधी काळपट लाल, मग उजळ.

नाशपाती आतून बाहेर पिकते. पोट दाबून मऊ लागेपर्यंत थांबलात की गाभा उतरलेलाच असतो, तुमचं तेच झालं. म्हणून देठाजवळची मान अंगठ्याने हलकेच दाबा. किंचित दबली की त्याच दिवशी खा किंवा फ्रिजमध्ये ठेवा, तिथे तीन-चार दिवस टिकते. कडक फळं कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर ठेवा आणि मान रोज तपासा. प्लास्टिकची पिशवी नको, आत वाफ धरते. जास्त आणली असतील तर कच्चीच फ्रिजमध्ये ठेवून लागतील तशी बाहेर काढा. उन्हाळ्यात पारा तिशीपार असताना ती नीट पिकत नाहीत, त्या दिवसांत घरातला सगळ्यात थंड कोपरा गाठा. कापताना साल काढू नका, या फळाची शोभा तीच. शिजवलीत तर मात्र लाली जाते.

झाडाचं म्हणाल तर माळव्यात नाद सोडा. या जातींना डोळे फुटायला हिवाळ्यात सात अंशांखालचे शेकडो तास लागतात, इंदूरच्या थंडीत ते भरत नाहीत. हिमाचलात नातेवाईक लावणार असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा : रेड बार्टलेट ही हिरव्या बार्टलेटच्याच एका फांदीवर 1938 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात आढळली, म्हणजे दोन्ही मुळात एकच जात, आणि एकाच जातीचे पराग आपापसांत चालत नाहीत; त्यामुळे परागीकरणाला हिरवी बार्टलेट शेजारी लावून उपयोग नाही, दुसरी जात हवी. शिवाय रेड बार्टलेटची एखादी फांदी कधी कधी पुन्हा हिरवी फळं धरू लागते. ती दिसताच बुडापासून छाटावी.