पॅनोरमासाठी हेड घेताना

पॅनोरमा, म्हणजे कॅमेरा फिरवत काढलेले फोटो जोडून केलेलं रुंद चित्र, यासाठी ट्रायपॉडवर बॉलहेड (गोळ्यावर कॅमेरा कलवणारं हेड) घे, पण फिरणारी चकती गोळ्याच्या वर असलेलंच. चकती खाली असली की कोकणकड्याच्या उंचसखल कातळावर ट्रायपॉडचे पाय समतल करण्यातच संध्याकाळचा उजेड निघून जातो, आणि तरीही कॅमेरा फिरवताना क्षितिज कलत जातं. मी दोन वर्षं तशीच काढली, तू काढू नकोस.

नुसते दूरचे डोंगर टिपायचे तर एवढं पुरे. जवळ कारवीचं झुडूप आलं की मात्र नोडल स्लाइड (हेडवर कॅमेरा मागेपुढे सरकवायची पट्टी) हवीच, नाहीतर फिरवताना झुडूप मागच्या डोंगरापासून सरकतं आणि फोटो नीट जुळत नाहीत. तिच्यावरची कॅमेऱ्याची जागा घरीच जमवून ठेव: खिडकीचा गज आणि समोरच्या इमारतीची कड एका रेषेत धर, कॅमेरा डावी-उजवीकडे फिरव. गज कडेपासून सुटला, तर कॅमेरा स्लाइडवर मागेपुढे कर, सुटायचा थांबेपर्यंत. तिथे खूण कर. प्रत्येक फोकल लेंग्थची (लेन्सवरच्या mm आकड्याची) खूण वेगळी. कॅमेरा उभा लाव, शेजारच्या दोन फोटोंचा ओव्हरलॅप 30 टक्के ठेव.