लोकांच्या आवडत्या अद्भुत कथेवर ऑपेरा लिहायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सगळ्यांना पाठ असलेली परीकथा किंवा दंतकथा ऑपेरात आणताना पहिलं काम कोणतं, आणि संगीत नाटक लिहिण्यापेक्षा ते वेगळं कसं. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

संगीत नाटकात कथा गद्य संवादांतून पुढे सरकते. पद सुरू झालं की कथा थांबते आणि भाव रंगतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८०च्या 'शाकुंतला'पासून ही सोय आपल्याकडे आहे. शिवाय सूत्रधार आणि नटी आहेत. कोण कुठला, कशासाठी आला, हे ते सुरुवातीलाच सांगून मोकळे होतात. सलग गायच्या ऑपेरात यातलं काहीच मिळत नाही. निरोप, भांडण, 'दार उघड', सगळं गाऊन. बोलायला एक मिनिट लागणारा मजकूर गायला ढोबळमानाने तीन मिनिटं घेतो. म्हणजे दोन तासांच्या ऑपेरात चाळीस मिनिटांच्या नाटकाएवढेच शब्द मावतात. कथा लाडकी असली की इथेच घोडं अडतं: प्रत्येकाचा एक आवडता प्रसंग असतो आणि लिहिणाऱ्याला एकही सोडवत नाही.

माझ्या मते असे बहुतेक ऑपेरा संगीतात नव्हे, संहितेतच फसतात. त्यामुळे एकही सूर लिहिण्याआधी दोन गोष्टी कागदावर हव्यात: काय गाळायचं, आणि कोणत्या क्षणी कोणाचा आवाज असेल.

उदाहरण म्हणून झेक संगीतकार आंतोनिन ड्वोर्झाकचा ऑपेरा 'रुसाल्का' घ्या. पहिला प्रयोग प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ३१ मार्च १९०१ रोजी झाला. संहिता यारोस्लाव क्वापिलची, आणि ती त्याने संगीतकार ठरण्याच्या आधीच, १८९९मध्ये लिहून ठेवली होती. तळ्यातली जलपरी राजपुत्रावर भाळते, येझिबाबा या चेटकिणीकडून माणसाचं रूप मिळवते, पण माणसांशी बोलण्याची वाचा गमावते. राजपुत्र दुसरीकडे वळला तर दोघांचाही नाश. क्वापिलने झेक लोककथांचा सूर धरला आणि कथानकाचे दुवे दोन जुन्या जलपऱ्यांच्या कथांतून घेतले: जर्मन लेखक फुकेच्या १८११च्या 'उंडीने'मधून आणि डॅनिश लेखक अँडरसनच्या १८३७च्या जलपरीच्या कथेतून. प्रियकराच्या रक्तानेच सुटका होईल असं सांगून चेटकीण सुरी देते, हे अँडरसनकडचं. चुंबनाने येणारा मृत्यू फुकेकडचा. रुसाल्का सुरी तळ्यात फेकून देते, म्हणून शेवटी चुंबनाचाच रस्ता उरतो. दोन उगमांतले दोन शेवट एकाला एक असे जोडले आहेत, नुसते शेजारी ठेवलेले नाहीत.

आता खरी अडचण बघा. नायिका मुकी आहे, आणि ऑपेराची नायिका गायलीच पाहिजे. दुसऱ्या अंकाचा मोठा भाग रुसाल्का रंगमंचावर गप्प उभी असते. क्वापिल आणि ड्वोर्झाक यांनी ती पोकळी तीन गोष्टींनी भरली. एक, परदेशी राजकन्या: भरघोस, चढ्या आवाजाची, त्यामुळे राजपुत्राला रुसाल्कात काय सापडत नाही हे कानालाच कळतं. दोन, मेजवानीतलं पोलोनेझ नृत्य आणि कोरस. तीन, वाद्यवृंद: रुसाल्काची स्वराकृती श्रोत्यांनी पहिल्या अंकात इतकी ऐकलेली असते की ती वाद्यांत आली की ती बोलतेय असंच वाटतं. शिवाय अट फक्त माणसांपुरती. त्यामुळे जलराज वोद्निक बागेतल्या पाण्यातून वर येतो तेव्हा तिला त्याच्याशी गाता येतं आणि इतका वेळ कोंडलेला आवाज एकदम फुटतो. तुमच्या कथेतल्या शापाच्या, वराच्या अटी अशाच तपासा. कथेत गोड वाटणारी अट रंगमंचावर गायकाचं तोंड बंद करत असेल, तर तिला एक फट ठेवा.

माहिती पोचवण्याची युक्तीही याच अंकात आहे. अंक उघडतो तो वनरक्षक आणि स्वयंपाकघरातला पोऱ्या यांच्या गप्पांनी: राजपुत्राने जंगलातून कुठली मुकी पोरगी आणलीय आणि आता त्याचं मन परदेशी पाहुणीकडे कसं झुकतंय. मधल्या काळात घडलेलं सगळं काही मिनिटांत, हलक्या चालीत, जलद गायलेल्या शब्दांत उरकलं. दोघे तिसऱ्या अंकात पुन्हा येतात आणि राजपुत्राच्या आजाराची बातमी देतात. प्रयोग लांबतोय म्हणून हा भाग कापायचा मोह होतो. कापला की राजपुत्र तळ्याकाठी भ्रमिष्टासारखा का येतो ते नीट कळत नाही. सगळ्यांना माहीत असलेलं पहिल्या अंकातलं चंद्राला उद्देशून गाणं याच्या अगदी उलट आहे. त्यात एकही नवी घटना नाही. जे घडलंय ते रुसाल्काने वोद्निकशी बोलताना आधीच सांगितलेलं असतं, म्हणून गाण्याला फक्त ओढ सांभाळायची असते. आरिया, म्हणजे एका पात्राचं असं मोठं गाणं, लिहिताना हा क्रम पाळा. आरियाच्या मध्यात नवीन नाव किंवा नवीन अट घातली की ती हमखास वाया जाते.

गाळायचं कसं हे शिकायला इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचा 'सावित्री' बघा; कथा आपल्या घरचीच आहे. होल्स्ट लंडनमध्ये संस्कृत शिकला होता. याआधी 'सीता' नावाचा तीन अंकी भव्य ऑपेरा त्याने लिहिला होता, आणि पुढे स्वतःच त्याला वॅग्नरछाप (भव्य ऑपेरांसाठी प्रसिद्ध जर्मन संगीतकार वॅग्नरच्या धर्तीचा) आरडाओरडा म्हणून हसला. 'सावित्री' १९०८च्या सुमाराचा, प्रयोग १९१६मध्ये लंडनला. एक अंक, अर्धा तास, तीन गायक, पडद्याआड शब्दांविना गाणारा स्त्रियांचा कोरस आणि फक्त १२ वादक: दोन स्ट्रिंग क्वार्टेट (चार-चार तंतुवादकांचे गट), एक डबल बेस, दोन बासऱ्या, एक इंग्लिश हॉर्न (ओबोच्या जातीचं सुषिर वाद्य). मूळ कथेतला अश्वपती गेला, स्वयंवर गेलं, नारदाचं भाकीत गेलं, सासऱ्याची दृष्टी आणि राज्य गेलं. वडाचाही पत्ता नाही. कुऱ्हाड, मृत्यू आणि वर एवढंच राहिलं. भाकिताची गरज त्याने पहिल्याच क्षणी संपवली: वाद्यं गप्प असताना मृत्यूचा आवाज येतो, सावित्री तो ऐकते, आणि दोघांच्या ओळी वेगवेगळ्या पट्टीत एकमेकांशेजारून जातात. अनेक वरांचा एक वर केला: मृत्यू म्हणतो, स्वतःसाठी माग, सत्यवानासाठी नको, आणि ती परिपूर्ण आयुष्य मागते. ते मिळाल्यावर ती म्हणते, त्याच्याशिवाय ते परिपूर्ण कसं? महाभारतातली मात एका चालीत आली.

पहिल्यांदाच करत असाल तर तुमचाही आवाका एवढाच असू द्या: चार-पाच गायक, दहा-बारा वादक, फार तर तासभर. लोक नाराज होतील ही भीती अतिरंजित असते. जर्मन संगीतकार हुम्परडिंकच्या 'हेन्सेल आणि ग्रेटेल'मध्ये (१८९३) त्याच्या बहिणीने, आडेलहाइड व्हेटेने, मुलांना जंगलात सोडून येणारे आईबाप काढून टाकले. आई रागाच्या भरात मुलांना स्ट्रॉबेरी आणायला पाठवते. चेटकीण, खाऊचं घर आणि भट्टी जागच्या जागी होती, म्हणून कोणाचं काही अडलं नाही. ज्या तीन-चार खुणांवरून कथा ओळखली जाते त्यांना हात लावू नका. बाकी सगळं बदलता येतं.

शब्दांकडे येऊ. वरच्या स्वरांवर, साधारण ७०० हर्ट्‌झच्या पुढे, सोप्रानोने (स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज) गायलेल्या शब्दांतले स्वरवर्ण एकमेकांत मिसळतात. आ, ए, ओ वेगळे ओळखू येत नाहीत. पात्राचं नाव किंवा शापाची अट त्या उंचीवर घालू नका. मराठीत लिहिणार असाल तर ऱ्हस्व इ-उ लांब स्वरावर बसवू नका: ताणलेला 'दिन' हा 'दीन'च ऐकू येतो. लांब स्वराला आ-कार किंवा ओ-कार द्या.

माइकशिवाय गाणारा प्रशिक्षित आवाज, विशेषतः पुरुषांचा, मोठ्या वाद्यवृंदावरून ऐकू येतो कारण त्याला ३००० हर्ट्‌झच्या आसपास जास्तीचं बळ असतं आणि वाद्यवृंद तिथे क्षीण होतो. खालच्या सप्तकात ही मदत तोकडी पडते. म्हणून राक्षसासाठी खर्जातला बास (पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज) आणि त्याच्याखाली ट्रॉम्बोन हे दणदणीत पितळी वाद्य, ही नवशिक्यांची लाडकी कल्पना, हमखास फसते: राक्षस नुसतं तोंड हलवतोय असं दिसतं.

अद्भुत कथा म्हणजे रूपांतरं, उडणं, गायब होणं, आणि यांतलं प्रत्येक किती सेकंदांचं आहे हे संगीत लिहिण्याआधी ठरवा. पोशाख बदलायला ९० सेकंद लागत असतील तर तेवढं संगीत हवंच, आणि मध्ये दोन-चार मात्रांचा एक तुकडा असा ठेवा की कंडक्टरला तो हवा तितक्यांदा फिरवता येईल. बायरॉइटला, वॅग्नरच्या स्वतःच्या नाट्यगृहात, १८८२मध्ये त्याच्या 'पार्सिफाल' ऑपेराच्या वेळी रुळांवर गुंडाळत सरकणारा चित्रपडदा संगीतापेक्षा हळू निघाला. वॅग्नरचा तरुण मदतनीस असलेल्या याच हुम्परडिंकला तेव्हा जास्तीच्या मात्रा लिहून द्याव्या लागल्या. वॅग्नरच्या नाट्यगृहावर ही पाळी येते, तर आपल्या सभागृहातल्या दोरीच्या पडद्याचं काय सांगावं!

कामाचा क्रम असा ठेवा. दोन पानी कथासार, मग प्रवेशवार तक्ता (कोण रंगमंचावर, कोण गातं, किती मिनिटं), मग संहिता. त्यानंतर फक्त पियानो आणि आवाजांचा स्कोअर, आणि त्यावरच गायकांकडून एकदा सलग वाचन. वाद्ययोजना त्यानंतरच, कारण पियानोवर चार मात्रा कापायला एक रेघ पुरते. वाद्ययोजना झाल्यावर तेच प्रत्येक वादकाच्या पानावर करावं लागतं.

हक्कांचं मात्र अगदी आधी बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, युरोपात ७०. लोककथा मोकळी असते, पण तुम्ही वाचलेलं तिचं पुनर्कथन किंवा भाषांतर मोकळं असेलच असं नाही. एखाद्या आधुनिक पुनर्कथनातला प्रसंग किंवा त्यात नव्याने घडवलेलं पात्र उचललंत तर लेखी परवानगी लागेल, आणि ती मिळेपर्यंत संहितेच्या पुढे जाऊ नका.

पहिल्या वाचनाला ती कथा अजिबात माहीत नसलेले दोघं-तिघं बोलवा. त्यांच्या हातात संहिता देऊ नका. 'ही कोण?' असा प्रश्न ज्या मिनिटाला येईल ते मिनिट लिहून ठेवा आणि दुरुस्ती तिथून सुरू करा.