तळव्यावरचा काळा डाग

प्रश्न : यजमानांचं वय ४८. पाठीवर पुष्कळ तीळ, काही मोठे, वेड्यावाकड्या कडांचे. डॉक्टरांनी ‘अटिपिकल’ (नेहमीच्या तिळांसारखे नसलेले) म्हणत लक्ष ठेवायला सांगितलंय. गेल्या पावसाळ्यापासून तळव्यावर काळा डाग आहे. शेजारी म्हणतात कुरूप असेल, बिब्बा लावा. काय करावं? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : बिब्बा मुळीच लावू नका, चुना-सोडाही नको. कातडी भाजून वरचा रंग जातो, खालची वाढ तशीच राहते आणि तपासायचा नमुना बिघडतो. पार्लरमध्ये लेसर मारून घेण्यातही तोच धोका.

आधी तळवा. मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे विरळा. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळवा, तळहात किंवा नखाखाली. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. भाताच्या खाचरात, रापणीवर अनवाणी वावरणाऱ्यांना तो मोडलेला काटा किंवा कुरूप वाटतो आणि महिने जातात. कुरूप कडक असतं, दाबलं की दुखतं. मुका मार लागून साकळलेलं रक्त काही आठवड्यांत फिकं होतं. नखाखालचं असेल तर नखाबरोबर पुढे सरकतं, पायाच्या अंगठ्यात महिन्याला दीडेक मिलिमीटर. यजमानांचा डाग इतके महिने टिकलाय, म्हणून याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात त्वचा विभाग आहे.

डॉक्टर डर्मोस्कोपमधून, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, पाहतील. तळव्यावर बारीक रेघा असतात. रंग खाचांत असेल तर बहुधा साधा तीळ, उंचवट्यांवर असेल तर संशय. मग शक्यतो अख्खा डाग, भोवतीच्या १ ते ३ मिलिमीटर कातडीसह, काढून पॅथॉलॉजीला पाठवतात; फार मोठा असेल तर आधी तुकडा. सुरी लागली की रोग पसरतो, ही भीती खोटी आहे. अहवालात मेलानोमा निघाला तर खोली मिलिमीटरमध्ये असते. पुढचे उपचार मुख्यतः तिच्यावर ठरतात.

पाठ तुम्हीच पाहा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, तिळाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. त्यांचे बरेच तीळ वेडेवाकडेच असणार, तेव्हा बाकीच्यांहून वेगळा दिसणारा शोधा : दोन-तीन रंगांचा, वाढणारा, खाजणारा, रक्त येणारा. ६ मिलिमीटरपेक्षा लहान आहे म्हणून बदलणारा तीळ सोडू नका. टणक गाठ आठवड्यांत वाढत असेल तर महिना थांबायचं नाही. सगळे तीळ काढून टाकण्यात मात्र अर्थ नाही, कारण बहुतेक मेलानोमा कोऱ्या कातडीवरच उगवतात. म्हणून नवा डागही टिपा, आणि बोटांच्या बेचक्या, नखं, डोक्याची टाळू पाहायला विसरू नका.