वाचकांचे प्रश्न: माशाचे वय, पहाटेचा ऑक्सिजन आणि गाळातली वर्षे

प्रश्न: एकाच माशाच्या कर्णाश्मावर (कानातल्या खड्यावर) मला चार वलये दिसतात, सहकाऱ्याला सहा. त्याच माशाच्या खवल्यावर तर तीनच. खरे वय कोणते धरायचे?

खवल्याचा आकडा आधी बाजूला ठेवा. उपासमारीत किंवा अंडी तयार होताना मासा खवल्यातले कॅल्शियम परत शोषून घेतो. गळलेल्या खवल्याच्या जागी जो नवा येतो, त्याच्या मध्यभागी वलयेच नसतात. वाढ मंदावलेल्या जुन्या माशात कडेची वलये एकमेकांत मिसळतात ते वेगळेच. म्हणून खवला चुकतो तेव्हा बहुधा वय कमी सांगतो. कर्णाश्म ॲरागोनाइट रूपातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. मासा जगतो तोवर त्यावर थर चढत राहतात आणि चढलेला थर सहसा परत शोषला जात नाही.

पण तुमच्या हातात नेमका कोणता कर्णाश्म आहे? त्यांच्या तीन जोड्या असतात: सॅजिटा, लॅपिलस आणि ॲस्टेरिस्कस. बहुतेक माशांत सॅजिटा सर्वांत मोठा, म्हणून तोच वापरतात. कार्प कुळात मात्र सॅजिटा अगदी बारीक आणि ठिसूळ असतो. तिथे लॅपिलस किंवा ॲस्टेरिस्कस घ्यावा लागतो. समुद्री शिंगाळ्यात लॅपिलस मोठा असतो.

चार आणि सहा यांच्यातला फरक बहुतेक वेळा पहिल्या वलयाशी असतो. छेद केंद्रातून गेला नसेल तर पहिले वलय दिसतच नाही. केंद्रातून गेला असेल तर पिल्लाने खाद्य किंवा अधिवास बदलला त्या वेळची रेघ वार्षिक वलय म्हणून मोजली जाते. यावर उपाय म्हणजे एक वर्षाच्या आतले, वय नक्की माहीत असलेले मासे घेऊन त्यांच्या कर्णाश्माची त्रिज्या मोजणे. त्या त्रिज्येच्या बरेच आत दिसणारी रेघ पहिले वार्षिक वलय असू शकत नाही. दुसरा फरक कडेला पडतो: अर्धवट झालेला थर एक जण मोजतो, दुसरा सोडतो. तो मोजायचा की नाही, हे वाचन सुरू करण्याआधी लिहून ठरवा. प्रकाशही नोंदवा. काळ्या पार्श्वभूमीवर वरून प्रकाश टाकला तर अपारदर्शक पट्टा पांढरा दिसतो. खालून प्रकाश दिला तर तोच पट्टा काळा दिसतो. दोघांनी वेगवेगळ्या प्रकाशात वाचले असेल तर भांडण तिथेच मिटते.

छेद घेण्याची रीत अशी. कर्णाश्म काढल्याबरोबर पाण्यात धुऊन वरचा पडदा चोळून काढा, एक दिवस सुकवा आणि कागदी पाकिटात किंवा कोरड्या कुपीत ठेवा. साच्यात आधी इपॉक्सी रेझिनचा पातळ थर ओता. तो अर्धवट घट्ट झाला की त्यावर कर्णाश्म ठेवा आणि वरून पुन्हा रेझिन ओता. कर्णाश्म ओलसर राहिला तर त्याच्याभोवती बुडबुडे धरतात आणि कड वाचता येत नाही. केंद्राची जागा सूक्ष्मदर्शकाखाली पेन्सिलीने खुणावून, हिऱ्याचे पाते लावलेल्या मंदगती करवतीने ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडीचे काप घ्या. घासताना दर थोड्या वेळाने थांबून पाहा. केंद्र घासले गेले की तो नमुना संपला.

वाचताना माशाची लांबी समोर ठेवू नका, नाहीतर मोठा मासा दिसला की डोळा आपोआप जास्त वलये शोधतो. दोघांनी, काही दिवसांच्या अंतराने, दोनदा वाचा आणि चारही वाचनांतला विचलन गुणांक (सरासरीच्या मानाने वाचने किती विखुरली आहेत, ते टक्क्यांत) काढा. तो ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर वाचन एकसारखे आहे असे समजतात. पण एकसारखे म्हणजे बरोबर नव्हे. दोघेही तीच चूक करत असू शकतात. उष्ण प्रदेशातल्या माशांत वलय थंडीमुळेच पडेल असे नाही. पावसाळा, प्रजनन किंवा खाद्याची टंचाई यांमुळेही ते पडते, आणि काही जातींत वर्षाला दोन पडतात. म्हणून वलय वार्षिक आहे हे त्या त्या जातीसाठी सिद्ध करावे लागते. वर्षभर दरमहा नमुने घेऊन शेवटच्या वलयापासून कडेपर्यंतचे अंतर मोजायचे. हे अंतर वर्षातून एकदाच झपकन कमी झाले तर वलय वार्षिक. दोनदा कमी झाले तर आकडा निम्मा करायचा. दुसरी पद्धत म्हणजे माशाला ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचून (प्रतिकिलो वजनाला ५० मिलिग्रॅमच्या आसपास) सोडायचे आणि काही काळाने पकडून अतिनील प्रकाशात ती पिवळी खूण शोधायची. खुणेबाहेर किती वलये पडली आणि मधे किती काळ गेला, हे जुळले की झाले. ही खूण उजेडात फिकी होते, म्हणून असे कर्णाश्म अंधारात ठेवा.

हा खटाटोप का, याचे उत्तर ऑरेंज रफी या खोल समुद्रातल्या माशात मिळते. सुरुवातीच्या वाचनात त्याचे आयुष्य दोन-तीन दशकांचे वाटले होते. १९९१ मध्ये कर्णाश्मातल्या शिसे-२१० आणि रेडियम-२२६ या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या गुणोत्तरावरून ते शंभर वर्षांपलीकडे जाते असे दिसले. इतक्या सावकाश वाढणाऱ्या माशाला वेगाने वाढणारा समजून पकडीची मर्यादा ठरवली, तर साठा भरून यायला पिढ्या लागतात.

प्रश्न: तळ्यात दुपारी दोन वाजता विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ९ मिलिग्रॅम भरतो. तरी पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळतात. मीटर बिघडला आहे का?

मीटर बहुधा ठीक आहे, वेळ चुकली आहे. ३० अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात हवेशी समतोलात सुमारे ७.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो. तुमचे पाणी तितके गरम असेल तर ९ म्हणजे अतिसंपृक्त पाणी, आणि इतका ऑक्सिजन दाट वनस्पतिप्लवंगच (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) तयार करतात. सूर्य मावळला की निर्मिती थांबते, श्वसन चालूच राहते. तेच प्लवंग, मासे आणि तळाच्या गाळातले जिवाणू मिळून रात्रभर साठा संपवतात. दुपारचा आकडा जितका फुगलेला, तितकी पहाट धोक्याची.

मोजणी सूर्योदयाच्या जरा आधी करा. पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटर, मध्यावर आणि तळापासून ३० सेंटिमीटर वर, अशा तीन ठिकाणी. वरचा आकडा ५ आणि तळाचा १ असेल तर पाण्याचे थर पडले आहेत. अशा तळ्यात जोराचा वारा किंवा थंड पाऊस आला की तळाचे ऑक्सिजनहीन पाणी एकदम वर मिसळते आणि तासाभरात मासे मरतात. उष्ण पाण्यातल्या माशांना ५ च्या वर बरे. १ ते ५ मध्ये जगतात पण वाढ खुंटते. १ च्या खाली काही तास गेले तर मरतात. सलग दोन-तीन ढगाळ दिवस, किंवा हिरवे पाणी अचानक तपकिरी होणे, म्हणजे प्लवंग मेल्याची खूण. त्या रात्री वायुमिश्रण यंत्र मध्यरात्रीच्या आधी सुरू करा आणि खाद्य बंद ठेवा. मासे वर आल्यावर यंत्र लावणे म्हणजे बराच उशीर.

मीटरची खात्री विंकलर या रासायनिक पद्धतीने करा. ती १८८८ पासून वापरात आहे आणि आजही मीटरला तीच तपासते. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली नळीने, तळापासून भरा, दोन-तीन बाटल्यांइतके पाणी वरून वाहू द्या. बादलीतून ओतलेल्या नमुन्यात हवा मिसळते आणि आकडा वाढतो. जागेवरच २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचे टोक पाण्याखाली ठेवून घाला. बूच असे लावा की आत एकही बुडबुडा राहणार नाही, मग उलटसुलट करा. साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. साका बसल्यावर २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवा. यातले २०३ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा, म्हणजे ते मोजून थेंबथेंब घालत जा. (२०० नव्हे २०३, कारण अभिकर्मकांनी ४ मिलिलिटर पाणी बाहेर ढकललेले असते.) स्टार्च सुरुवातीलाच घालू नका. रंग फिका पिवळा झाल्यावर घाला, निळा रंग गेला की थांबा. लागलेले मिलिलिटर म्हणजेच लिटरला मिलिग्रॅम. जुने थायोसल्फेट हळूहळू कमजोर होते आणि मग ते जास्त लागते, म्हणजे ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. दर वेळी प्रमाणित करून घ्या. साधा पडदा असलेला मीटर स्वतःच ऑक्सिजन वापरतो. स्थिर पाण्यात टोक हलवत राहिला नाहीत तर आकडा घसरत जातो.

प्रश्न: सरोवराच्या गाळाचा कोअर (नळीने काढलेला उभा नमुना) घेतला. शिसे-२१० वरून काढलेली वये वरच्या ८ सेंटिमीटरमध्ये एकसारखीच येतात. का?

वये नव्हे, सक्रियता (किरणोत्साराचे प्रमाण) एकसारखी येत असणार. शिसे-२१० हवेत विरलेल्या रेडॉनपासून बनते, पावसाबरोबर पाण्यात येते, गाळाला चिकटते आणि २२.३ वर्षांच्या अर्धायुष्याने कमी होत जाते. खाली जावे तशी सक्रियता घटली पाहिजे. वरचा भाग सपाट असेल तर किडे-अळ्यांनी गाळ घुसळला आहे, किंवा कोअर घेतानाच तो मिसळला. कोणते खरे, ते नळीतल्या वरच्या पाण्यावरून त्याच दिवशी कळायला हवे होते. पाणी स्वच्छ आणि गाळाचा माथा शाबूत असेल तरच कोअर ठेवायचा. गढूळ असेल तर टाकून पुन्हा घ्यायचा. नळी वेगाने खाली सोडली की तिच्यापुढे रेटलेले पाणी वरचा मऊ थर उडवून देते. शेवटचा मीटरभर तरी सावकाश सोडा.

काप १ सेंटिमीटरचे घ्या आणि प्रत्येक चकतीची बाहेरची २-३ मिलिमीटर कड टाकून द्या, कारण नळीच्या कडेने वरचा गाळ खाली ओढला जातो. प्रत्येक कापाचे ओले आणि कोरडे वजन घ्या. खोली सेंटिमीटरमध्ये न धरता कोरड्या वस्तुमानात (चौरस सेंटिमीटरला ग्रॅम) धरा. खालचा गाळ दबलेला असतो, सेंटिमीटर फसवतात. गॅमा मोजणीआधी नमुना हवाबंद डब्यात तीन आठवडे ठेवावा लागतो. रेडॉन-२२२ चे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे आणि तो रेडियमशी समतोलात आल्याशिवाय गाळातल्या रेडियमपासूनच बनलेले मूळचे शिसे वजा करता येत नाही. घाईत हा टप्पा गाळला जातो आणि सगळी वये कमी निघतात.

शिसे-२१० जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षे मागे नेते. पाच अर्धायुष्यांनंतर ३ टक्केच उरते. त्यामुळे सिझियम-१३७ ची जोड हवी. अणुचाचण्यांमुळे त्याचे १९६३ चे शिखर बहुतेक ठिकाणी सापडते. वाळूमिश्रित किंवा फार सेंद्रिय गाळात सिझियम सरकते, तिथे शिखर पसरट दिसते. मग त्यावर वर्ष टांगू नका.

प्रश्न: गाळाच्या कणांचे आकारमान काढताना चिकणमाती जवळजवळ शून्य येते, हाताला मात्र चिकट लागते.

कण गुठळ्या बांधून खाली बसत आहेत. खाऱ्या पाण्यातल्या गाळात हे हमखास होते: क्षार धुतल्याशिवाय कण वेगळे राहत नाहीत. ऊर्ध्वपातित पाण्याने दोन-तीनदा धुवा, सेंद्रिय पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइडने काढा (थोडे थोडे घाला, फेस उतू जातो), मग लिटरला ४० ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या १२५ मिलिलिटर द्रावणात निदान १६ तास भिजवा. नमुना आधी भट्टीत कडक वाळवू नका. चिकणमाती एकदा घट्ट झाली की पुरती सुटत नाही. पिपेटने नमुना घेताना तापमानही पाहा. २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली जायला २० अंशांना सुमारे ८ तास लागतात, ३० अंशांना साधारण साडेसहा. आणि अहवालात सीमा लिहा: मृदाशास्त्रज्ञ २ मायक्रॉनखाली चिकणमाती धरतात, भूशास्त्रज्ञ बहुधा ३.९ खाली.

प्रश्न: पाण्याची पारदर्शकता मोजणाऱ्या सेकी तबकडीची दोघांची वाचने जुळत नाहीत.

होडीच्या सावलीच्या बाजूने, सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान, गॉगल काढून वाचा. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्या. गोड्या पाण्यासाठी २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी, समुद्रासाठी ३० ची पांढरी. दोरीवरच्या खुणा दोरी ओली करून तपासा.

प्रश्न: मासे फॉर्मेलिनमध्ये ठेवले होते. आता त्यांचा डीएनए आणि वय दोन्ही काढायचे आहे.

दोन्ही कठीण. फॉर्माल्डिहाइडने डीएनएचे दुवे बांधले जातात आणि धागे तुटतात. बफर न घातलेले फॉर्मेलिन आम्लधर्मी होत जाते आणि कर्णाश्म विरघळवते. असलेल्या नमुन्यांचे बाह्य मोजमाप आणि जातनिश्चिती तेवढी करता येईल. पुढच्या वेळी आधी परांचा छोटा तुकडा कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात ठेवा आणि एका दिवसाने द्रव बदला. लांबी-वजन घेऊन कर्णाश्म काढा, ते कोरडे ठेवा. मग उरलेला मासा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे एक भाग बाजारी फॉर्मेलिन आणि नऊ भाग पाणी. पोटाला चीर उजव्या बाजूने द्या. डावी बाजू मोजमाप आणि छायाचित्रासाठी अखंड लागते.