इंजिनियर असतो तेव्हाच मशीन नीट का चालतं?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जूनच्या मध्याला टोनरवर, म्हणजे रंगाच्या पुडीवर, चालणारं छपाईचं नवं प्रॉडक्शन मशीन तुमच्या डिचोलीच्या छापखान्यात बसलं, त्याला पाच आठवडे झाले. सकाळी कागद जॅम होतो, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कार्डावर पाठपोट, म्हणजे दोन्ही बाजूंच्या छपाईचं जुळणं, जवळजवळ एक मिलिमीटर सरकतं, मधूनच एखादी फिकट उभी रेघ येते आणि निळ्या रंगाच्या सपाट भागात ठिपके दिसतात. इंजिनियर सात वेळा येऊन गेला. तो असतो तोवर सगळं ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. चतुर्थीची कामं तोंडावर आहेत आणि बाबा म्हणतात, मशीन परत द्या, हप्ता थांबवा.

मशीन परत देऊ नका. हप्ता तर मुळीच थांबवू नका. हप्ता बँकेचा आहे, मशीन विकणाऱ्याचा नव्हे. तो थकला तर नाव तुमचं खराब होईल आणि दोष मशीनमध्ये आहे तिथेच राहील. बाबांची काळजी मला समजते, एवढं कर्ज अंगावर घेतल्यावर कुणालाही झोप लागत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारींपैकी दोन तरी मशीनच्या नाहीत असं मला वाटतं, एकीबद्दल शंका आहे आणि एक नक्की मशीनची आहे. या चारही एकाच कागदावर लिहून पाठवल्या जातात, म्हणून एकही सुटत नाही.

इंजिनियर तुमच्याकडे किती वाजता येतो? पणजीहून निघून, आधीची एक जागा उरकून, अकरा-साडेअकराच्या आत तो पोचत नसणार. तोवर तुमचा एसी दोन तास चाललेला असतो. खोली कोरडी झालेली असते, ट्रेमधला सकाळचा कागद संपून बंडलाच्या मधला कोरडा कागद चढलेला असतो. मशीन चालणारच. तो खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाही. दोघं वेगवेगळ्या हवेत तेच मशीन पाहता आहात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. फोंड्यात माझा छापखाना आहे, आधी ऑफसेट आणि आता जास्त डिजिटल. माझं दुसरं डिजिटल मशीनही पावसाळ्यातच बसलं. श्रावणातल्या भजनी सप्ताहाच्या पत्रिका होत्या, आर्ट कार्डावर दोन्ही बाजूंनी चार रंग. सकाळी सातला सुरू केलं की दर पंधरा-वीस प्रतींना जॅम. रंगही कुत्र्याच्या अंगावरच्या खरजेसारखा, एका ठिकाणी गडद, एका ठिकाणी उडालेला. मी कंपनीला रोज फोन केले, चढ्या आवाजात बोललो. त्यांनी ड्रम (ज्यांवर आधी टोनरचं चित्र उमटतं) बदलले, बेल्ट (जो ते चित्र कागदापर्यंत नेतो) बदलला. फरक शून्य. शेवटी त्यांच्यातला एक वयस्क इंजिनियर रात्री मुक्कामाला राहिला आणि सकाळी माझ्याबरोबर शटर उघडायला आला. त्याने मशीनला हातही लावला नाही. खिशातून हवेतली आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर काढून टेबलावर ठेवला. आकडा ८८ टक्के होता.

मशीन बनवणारे साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता आणि २० ते २५ अंश तापमान गृहीत धरतात. आपल्याकडे जुलैत बाहेरची हवा ९० टक्क्यांच्या आसपास असते. रात्री एसी बंद झाला की खोली तासा-दोन तासांत बाहेरच्यासारखी होते. कागद हवेतलं पाणी कडांनी आधी पितो. म्हणून उघड्या बंडलाच्या कडा लहरतात, मधला भाग सपाट राहतो, आणि असा कागद रोलरखाली वाकडा शिरतो. हा तुमचा सकाळचा जॅम. ओलसर कागदातून वीज सहज निसटते, त्यामुळे बेल्टवरचा टोनर कागदावर ओढणारा विद्युतभार टिकत नाही आणि रंग ठिकठिकाणी उडालेला दिसतो. फ्यूजरमध्ये, म्हणजे टोनर तापवून कागदावर चिकटवणाऱ्या भागात, त्याच पाण्याची वाफ होते. कोटेड (लेप दिलेल्या) कागदाला ती बाहेर सोडायला वाट नसते, मग बारीक फोड येतात.

आता पाठपोट. यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पहिली बाजू फ्यूजरमधून जाते तेव्हा कागदातलं पाणी उडतं आणि कागद आकसतो. दुसरी बाजू छापताना तो मघाचा कागद उरलेला नसतो, थोडा लहान झालेला असतो. ४५० मिलिमीटर लांबीवर ०.२ टक्के आकसणं म्हणजे ०.९ मिलिमीटर. तुमचा एक मिलिमीटर इथेच सापडेल. कागद ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेच्या, आडव्या दिशेला जास्त आकसतो, म्हणून शॉर्ट ग्रेन (तंतू आखूड बाजूला समांतर) आणि लाँग ग्रेन (लांब बाजूला समांतर) एकाच ट्रेमध्ये कधीही मिसळू नका. पाठच्या बाजूचा आकार थोडा कमी-जास्त करण्याची सोय या वर्गाच्या मशीनला असते, पण ओल्या कागदावर ती लावलीत तर कोरड्या दिवशी उलट्या बाजूला चूक दिसेल. आधी कागद स्थिर करा, मग आकडा लावा.

एक तपासणी आजच करा. पाठपोट छापलेल्या वीस प्रतींवर चारही कोपऱ्यांत पुढची आणि मागची खूण एकमेकींपासून किती सरकली ते मोजा. सगळ्या प्रतींवर चूक सारखीच आणि मध्यापासून बाहेर वाढत जाणारी असेल तर ते आकसणं आहे. दर प्रतीला वेगळी असेल तर कागद ट्रेमध्ये सैल आहे, फीड रोलर घसरतो आहे, किंवा कागदच काटकोनात कापलेला नाही. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार होते. २५×३६ इंचांचा शीट व्यापाऱ्याकडे कापून १२.५×१८ चे चार तुकडे होतात. ब्लेडला धार नसेल तर कडेला बारीक लव राहते आणि धूळ पडते. ऑफसेटला हे चालून जातं, या मशीनला चालत नाही. तीच धूळ आत ड्रम साफ करणाऱ्या ब्लेडखाली आणि लेझरच्या काचेवर जाऊन बसते. गठ्ठ्यातला एक शीट उलटा करून बाकीच्यांवर ठेवा, कडा जुळल्या नाहीत तर समजा. मी आता कागद स्वतःच्या कटिंग मशीनवर कापतो, कडा हवेने झटकतो आणि मगच ट्रेमध्ये घालतो. वेळ जातो, पण ड्रम जास्त टिकतात.

खोलीचं काय करायचं ते थोडक्यात सांगतो. रस्त्याकडचं शटर आणि मशीनची खोली यांच्यामध्ये बंद होणारं दार हवंच. हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर घ्या आणि जून ते ऑक्टोबर तो रात्रंदिवस चालू ठेवा. माझ्याकडे जुलैत त्यातून दिवसाला सात-आठ लिटर पाणी निघतं, तीच ओल आधी कागदात जात होती. रात्री भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करू नका. मशीनमध्ये आणि ट्रेखाली ओल धरू नये म्हणून हीटर बसवलेले असतील तर ते मशीन बंद असतानाही मुख्य वीज चालू असली तरच काम करतात. तुमच्या मशीनला ट्रे हीटर आहे का, हे विचारून घ्या, बऱ्याचदा तो वेगळा घ्यावा लागतो. कागद निदान एक दिवस आधी मशीनच्या खोलीत आणा आणि वेष्टण फोडू नका. वेष्टण फोडलेलं बंडल संध्याकाळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. एकदा कडा लहरल्या की तो कागद एसीत ठेवून पहिल्यासारखा होत नाही.

विजेबद्दल एकच सांगतो. मशीनला स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र अर्थिंग द्या. कटिंग मशीन आणि एसी त्या लाइनवर नकोत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा.

आता उरले ठिपके आणि रेघ. यांचा छडा लावता येतो, आणि तो तुम्हीच लावायचा.

सायन (निळा), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि काळा यांचे प्रत्येकी ५० टक्क्यांचे सपाट पूर्ण पान छापा, प्रत्येकाच्या पाच प्रती. ठिपका फक्त सायनमध्ये दिसला तर दोष सायनच्या ड्रममध्ये किंवा डेव्हलपरमध्ये (ड्रमला टोनर लावणारा भाग). चारही रंगांत एकाच जागी दिसला तर ट्रान्सफर बेल्ट किंवा फ्यूजरकडे बघा. मग कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने दोन ठिपक्यांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. फिरणाऱ्या भागावर ओरखडा असेल तर प्रत्येक फेरीला तो एकदा छापला जातो, म्हणजे हे अंतर त्या भागाचा परीघ असतो. ३० मिलिमीटर व्यासाचा रोलर असेल तर ९४ मिलिमीटरवर ठिपका पुन्हा येईल, ६० चा असेल तर १८८ वर. कोणत्या भागाचं अंतर किती, याचा तक्ता इंजिनियरकडे असतो. तुम्ही "ठिपके येतात" असं सांगितलंत तर तो पुसून जाईल. "फक्त सायन, दर १८८ मिलिमीटरला, डाव्या कडेपासून ७२ वर" असं सांगितलंत तर तो येतानाच सुटा भाग घेऊन येईल.

फिकट उभी रेघ बहुतेक वेळा लेझरच्या काचेवर धूळ बसल्याने येते, कारण तेवढ्या जागी उजेड ड्रमपर्यंत पोचत नाही. गडद रेघ असेल तर चार्ज वायर (ड्रमला विद्युतभार देणारी तार) किंवा साफ करणारं ब्लेड बघायचं. नवीन मशीनमध्येही काच घाण होते, आणि वर म्हटलेली कागदाची धूळ इथे आठवा. म्हणून रेघेबद्दल मी ठाम बोलत नाही. काच साफ केल्यावर ती किती प्रतींनी परत येते, हे मोजा.

एक तक्रार तुम्ही लिहिलेली नाही, पण येईल. लहान मराठी मजकुराला रंगीत झालर दिसते आणि लोक मशीनला दोष देतात. मजकूर चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात असतो, आणि रंग केसभर सरकले तरी ते सगळ्यात आधी शिरोरेषेवर दिसतं. मजकूर १०० टक्के फक्त काळ्यात ठेवा.

आता वही. मोठी वही घ्या. तारीख, वेळ, काउंटर (मशीनवरचा एकूण प्रतींचा आकडा), खोलीची आर्द्रता, कोणता ट्रे, कोणता कागद, मशीनमध्ये त्या ट्रेसाठी कागदाचं कोणतं वजन सांगितलं आहे, आणि काय झालं. २५० चा कागद घालून मशीनला ३०० सांगितलं तरी उष्णता आणि वेग चुकतात, म्हणून तो रकाना सोडू नका. प्रत्येक बिघाडाची एक प्रत मागे वेळ लिहून फाइलला लावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. इंजिनियरने येऊन पाच सेटिंग बदलली आणि काम सुधारलं तर कशाने सुधारलं हे त्यालाही कळत नाही. त्याला प्रेमाने सांगा, पण सांगा.

इंजिनियर येताना आणि जाताना काउंटर सर्व्हिस रिपोर्टवर लिहून घ्या. त्याने तपासणीसाठी काढलेल्या प्रतींचे क्लिक (प्रतीमागे होणारी बिलाची मोजणी) तुमच्या बिलात येता कामा नयेत. "मशीन समाधानकारक" अशा ओळीखाली सही मागितली तर तुमच्या नेहमीच्या कागदावर, सकाळच्या वेळी, पाठपोट दोनशे प्रती त्याच्यासमोर काढल्याशिवाय करू नका. मी माझ्या वेळी पहिल्याच दिवशी सही केली होती, कंपनीने आणलेल्या कागदावरचे नमुने पाहून. पुढे प्रत्येक वेळी मला तीच सही दाखवण्यात आली.

त्याला सकाळी आठला बोलवा. एवढं एकच मागणं ठेवा, बाकी तक्रारी नकोत. आदल्या रात्री एसी नेहमीसारखा बंद करा, ट्रेमध्ये कालचा कागद राहू द्या, आणि त्याला ते मशीन पाहू द्या जे तुम्ही रोज पाहता.

चतुर्थीच्या कामांचं म्हणाल तर जुनं मशीन विकलं नसेल तर दसऱ्यापर्यंत विकू नका. आरतीच्या पुस्तिका एका रंगाच्या असतील तर त्या त्याच्यावर काढा. जाड कार्डाची पाठपोट कामं दुपारी बारानंतर लावा, सकाळी एका बाजूची आणि पातळ कागदाची. फारच अडलं तर म्हापशात किंवा फोंड्यात ओळखीच्या छापखान्यात काम द्या, नफा सोडा, पण तारीख पाळा. माझ्याकडेही पाठवू शकता. आपल्या गावांत गिऱ्हाईक एकदा रिकाम्या हाताने परत गेलं की पुढच्या वर्षी ते दार ओलांडत नाही.

सायनची पाच पानं काढून अंतर मोजलंत की तो आकडा आणि त्या वेळची खोलीची आर्द्रता इथे लिहा. अंतर दर वेळी सारखंच आलं तर तो भाग बदलून मागण्याचं पत्र कसं लिहायचं ते मी सांगतो.