रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका: दात-हिरड्यांचे प्रश्न

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं हिरड्यांचीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि दवाखान्यातल्या स्वच्छतेबद्दल एका ताईंनी जे विचारलंय त्याला मुद्दाम जास्त जागा दिलीय, कारण असं विचारायला लोक उगाच लाजतात.

प्रश्न – डॉक्टर, माझं वय ३८. खालच्या पुढच्या दातांच्या हिरडीतून ब्रश करताना रक्त येतं, दुखत मात्र काहीच नाही. जखम वाढू नये म्हणून महिनाभर त्या जागी ब्रश लावलाच नाही, तरी रक्त कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. असं का?

उत्तर – ब्रश लावायचा थांबवलात ना, त्यामुळेच. रक्त दिसलं की तिथून हात काढून घ्यावासा वाटतो हे अगदी साहजिक आहे, माझ्याकडे येणारे बरेच जण हेच करून आलेले असतात. पण हे रक्त ब्रशने कापल्याचं नसतं हो. हिरडी आधीच सुजलेली असते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, दाताच्या बाजूचं अस्तर पातळ झालेलं असतं, मग ब्रशचा नुसता केस लागला तरी रक्त येतं.

सूज कशाने येते तर दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला बसलेल्या जंतूंच्या थराने. आपल्या तोंडात जंतूंच्या ७०० च्या वर जाती सापडल्यात, आणि त्यातले बरेचसे गुण्यागोविंदाने राहतात, उलट जागा अडवून ठेवतात म्हणून बाहेरच्या वाईट जंतूंना शिरकाव मिळत नाही. त्यामुळे जंतू आहेत म्हणून घाबरू नका, त्यांना एका जागी निवांत बसू दिलं की त्रास सुरू होतो. ब्रश केल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रोटीनचा पातळ पापुद्रा दातावर चढतो, त्याला पहिले जंतू चिकटतात, त्यांना दुसरे चिकटतात, मग ते स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करून घर करून बसतात आणि थर जाड झाला की तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू तिथे माजतात. पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यातला, हिरड्यांच्या आजारात त्याचं नाव हमखास येतं.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. चांगल्या हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, एकही सुटला नाही. परत घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजे तुम्ही महिनाभर जे केलंत तोच हा प्रयोग, फक्त शेवटचा भाग राहिलाय, तो आता करा.

मऊ ब्रश घ्या, तो हिरडीच्या कडेला ४५ अंशात तिरका टेकवा म्हणजे केसांची टोकं कडेच्या आत जरा सरकतील, आणि जागच्या जागी हलकेच हलवा. घसाघसा आडवं घासू नका, त्याने दाताची मान झिजते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा, आडवा तिथे पोचतच नाही. दोन दातांच्या मधे फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा बारीक दोरा, नाहीतर फट मोठी असेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत जाणारा छोटा ब्रश. पहिले काही दिवस रक्त येईल, येऊ द्या, थांबू नका. दोन आठवडे नीट करूनही येतच राहिलं तर मात्र दाखवून घ्या. आणि दुखत नाही म्हणजे काही नाही असं धरून चालू नका, हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षं न दुखता पुढे जातो.

प्रश्न – मी आणि माझे मिस्टर एकच पेस्ट वापरतो. माझ्या हिरड्यांतून कधीतरी रक्त येतं, ते रोज सिगारेट ओढतात तरी त्यांना कधीच येत नाही. म्हणजे त्यांच्या हिरड्या माझ्यापेक्षा चांगल्या का?

उत्तर – नाही ताई, आणि त्यांना आधी घेऊन या असंच मी म्हणेन. सिगारेटने हिरडीचा रक्तपुरवठा आणि सूज यायची रीतच बदलते, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं. तुम्हाला निदान इशारा तरी मिळतोय, त्यांचा इशाराच दबून गेलाय. आत हाड झिजत असतं आणि बाहेरून हिरडी घट्ट, फिकट गुलाबी, छान दिसते. ओढणाऱ्यांमधे हा आजार जास्त होतो, जास्त वेगाने वाढतो आणि ट्रीटमेंटचा गुणही कमी येतो. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत कधीकधी रक्त यायला लागतं, तेव्हा सोडल्यामुळे बिघडलं असं समजून परत सुरू करू नका म्हणावं.

प्रश्न – आई ६४ वर्षांची आहे. डॉक्टरांनी क्लिनिंग सांगितलंय पण घरात सगळे म्हणतात की क्लिनिंगने दात सैल होतात, फटी पडतात. करावं का?

उत्तर – करावं. फटी दिसतात हे मात्र खरं आहे, तुमच्या घरचे खोटं बोलत नाहीयेत, फक्त कारण वेगळं आहे. तो जंतूंचा थर काढला नाही तर लाळेतलं कॅल्शियम त्यात बसून तो दगडासारखा कडक होतो, तोच टार्टर. खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला तो जास्त सापडतो कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. आता हा दगड वाढत हिरडीखाली जातो, हिरडी खाली सरकते, हाड झिजतं, आणि मोकळी झालेली जागा टार्टरनेच भरून निघते. दात आधीच सैल झालेले असतात, हा दगड त्यांना धरून ठेवल्यासारखं भासवतो. तो काढला की जी फट आधीपासून होती ती उघडी पडते.

आईंना तपासताना डॉक्टर बारीक खुणा केलेली एक बोथट सळई दाताभोवती हिरडीत हलकेच फिरवतील आणि आकडे मोठ्याने म्हणतील, "दोन, तीन, दोन… पाच." ते मिलिमीटर. एका दाताला सहा ठिकाणी मापतात. १ ते ३ ठीक, ४ च्या पुढे म्हणजे खिसा झाला, ज्याला आम्ही पॉकेट म्हणतो, आणि तिथे तुमचा ब्रश कितीही चांगला असला तरी पोचत नाही. म्हणून तिथून साफ करावं लागतं. ते आकडे लिहून मागा, काही आठवड्यांनी परत मापतील तेव्हा ५ चे ३ झालेले स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही, आहे तेवढं टिकवायचंय, आणि चौसष्टाव्या वर्षी ते नक्की टिकवता येतं.

प्रश्न – मागच्या आठवड्यात अक्कलदाढ काढली. आता रात्री झोप लागत नाही, ती अवजारं माझ्या आधी कोणाच्या तोंडात होती, नीट साफ केली असतील का, हेच डोक्यात येतं. नुसतं उकळलं किंवा लिक्विडमधे बुडवलं तर चालतं का? आणि हे डॉक्टरांना विचारलं तर त्यांना राग येईल का?

उत्तर – राग येऊ नये, मला तर असा प्रश्न विचारणारा पेशंट आवडतो. तुमची काळजी वेडेपणाची नाही. १९८० च्या दशकापर्यंत कितीतरी डेंटिस्ट उघड्या हातांनी तोंडात काम करायचे, एचआयव्हीची भीती आल्यावर प्रत्येक पेशंटला नवे हातमोजे हा नियम सगळीकडे रुळला. हिपॅटायटिस बीचा व्हायरस तर सुकलेल्या रक्तात निदान ७ दिवस जिवंत राहू शकतो.

उकळून भागत नाही. पाणी १०० डिग्रीला उकळतं आणि काही जंतूंचे स्पोअर, म्हणजे त्यांचं कवच घालून झोपलेलं रूप, त्यातून वाचतं. दाढ काढायचे चिमटे, हिरडी साफ करायची अवजारं ऑटोक्लेव्हमधेच जायला हवीत, म्हणजे दाबाखालची वाफ, १२१ डिग्रीला निदान १५ मिनिटं किंवा १३४ डिग्रीला ३ मिनिटं, आणि शिवाय सुकायचा वेळ. त्याच्याही आधी घासून धुणं आलं, कारण रक्त वाळून चिकटलं असेल तर त्याच्याखाली वाफ नीट पोचत नाही. गडबडीच्या दिवशी नेमकं हे धुणंच घाईत उरकलं जायचा धोका असतो, म्हणून माझ्या असिस्टंटला मी सांगून ठेवलंय की पेशंट दहा मिनिटं थांबला तरी चालेल.

तुम्ही काय बघायचं ते सांगते. अवजारं एका बाजूने कागद आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक प्लास्टिक अशा पाउचमधे सील केलेली असतात. पाउच तुमच्यासमोर फाडला जातोय का बघा. त्याच्यावर एक छोटी खूण असते, मशीनमधून गेल्यावर तिचा रंग बदलतो. पण पाउच ओला असेल, फाटलेला असेल तर रंग बदललेला असूनही तो बाद. आणि रंग बदलला एवढ्याने आतलं सगळं मेलं हे सिद्ध होत नाही, पाउच मशीनमधे गेला होता एवढंच कळतं. खरी परीक्षा स्पोअर टेस्टची, म्हणजे अतिशय चिवट पण माणसाला त्रास न देणाऱ्या जंतूंचे स्पोअर मशीनमधे ठेवून ते मरतात का ते तपासायचं. ती ठरावीक दिवसांनी करतात का हे खुशाल विचारा. ड्रिलचा हँडपीससुद्धा प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह व्हायला हवा, नुसता पुसून चालत नाही, कारण तो थांबताना लाळ आत ओढू शकतो. सुई प्रत्येकाला नवी.

एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. खुर्चीला पाणी ज्या बारीक नळ्यांतून येतं त्यांच्या आतसुद्धा अगदी दातावर बसतो तसाच जंतूंचा थर बसतो, कारण नळी अरुंद, पाणी रात्रभर साचून राहिलेलं. म्हणून दोन पेशंटच्या मधे निदान २० ते ३० सेकंद पाणी सोडून द्यायचं आणि नळ्या औषधाने नियमित साफ करायच्या. तुम्ही बसल्यावर डॉक्टर हँडपीस बेसिनमधे धरून नुसतंच पाणी सोडताना दिसले तर ते काम टाळत नाहीयेत, तुमच्यासाठीच करतायत.

तुमच्या बाबतीत मनातून जातच नसेल तर त्या दवाखान्यात जाऊन सरळ विचारा. उत्तराने समाधान झालं नाही तर तुमच्या फिजिशियनशी बोलून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या टेस्ट करून घ्या, कधी करायच्या ते तेच सांगतील. बी ची लस राहिली असेल तर ती पण.

प्रश्न – रोज दोनदा माउथवॉशने चूळ भरते, तरी तोंडाला वास येतो. अँटिबायोटिकचा कोर्स करू का?

उत्तर – नको. १६८३ साली लेव्हेनहूक या डच संशोधकांनी स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात जिवंत वळवळणारे जीव बघितले. व्हिनेगरने चूळ भरूनही थरातले जीव काही मरेनात, पण थर बाहेर काढून त्यात व्हिनेगर मिसळलं की मरायचे. म्हणजे द्रव आतपर्यंत पोचतच नाही. तुमच्या माउथवॉशचं तेच होतंय, आणि गोळ्यांचं पण बरंचसं तेच, थर हाताने मोडल्याशिवाय औषधाला वाट मिळत नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा असेल तर तो सांगितलेल्या दिवसांपुरताच वापरा, जास्त दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. जिभेचा मागचा भाग साफ करा आणि हिरड्या मापून घ्या, वास बहुतेक वेळा या दोन जागांहूनच येतो.

प्रश्न – मला शुगर आहे. हिरड्यांशी तिचा संबंध असतो म्हणतात, खरं का?

उत्तर – खरं, आणि दोन्ही बाजूंनी. शुगर वाढलेली असली की हिरडीची सूज जास्त आणि जखम उशिरा भरते, आणि हिरड्यांमधली सूज शुगर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांची नीट ट्रीटमेंट झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, थोडं खाली आलेलं दिसतं. जाताना शेवटचा रिपोर्ट आणि औषधांची यादी बरोबर घ्या, सकाळची वेळ मागा, उपाशी जाऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा हार्टमधे कृत्रिम व्हॉल्व्ह असेल तर ते खुर्चीत बसायच्या आधी सांगा, कारण व्हॉल्व्हवाल्यांना हिरडीचं काम करण्यापूर्वी अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो, आणि तो आधी घेतला तरच उपयोग.